सिनेमा तिकडं चालला

माझे मिस्टर गेले त्या आठवड्यात आमच्या मुलीचा सिनेमा ऑस्ट्रेलियात चालू होता. आपल्याकडचा कधीच उतरला होता. त्यामुळे घरी दोन प्रकारचे फोन येत. काही लोक म्हणत, फार वाईट झालं. काही म्हणत, अभिनंदन, तिकडे जोरात चाललाय म्हणे. बरेच जण आधी एक बोलत, जरा थांबत आणि मग आवाज बदलून दुसरं बोलत. मी सगळ्यांनाच "हो" म्हणायचे. दुसरा शब्द तोंडात येत नव्हता.

आम्ही पारगावला राहतो. हे साखर कारखान्यात होते, मी जवळच्याच हायस्कुलात मराठी शिकवते. ह्यांचं मूळ गाव राजुरी, माझं माहेर डिंगोरे. आम्हाला एकच मुलगी. ती अकरावीला असताना तिच्या कॉलेजात सिनेमावाले आले. त्यांना शहरातली शिकवलेली मुलगी नको होती, इकडचं बोलणारी हवी होती. त्यांनी मुलींना एकेक करून वर्गात बोलावलं आणि विचारलं, एसटी चुकली तर घरी काय सांगशील? बाकीच्या मुलींनी गोष्टी रचून सांगितल्या, कुणी रडूनही दाखवलं. आमची म्हणाली, "काय सांगायचं? चुकली म्हणून सांगीन." तेवढ्यावर तिला घेतलं.

मी नको म्हणाले होते. बारावी तोंडावर, सिनेमा दोन पोरांच्या प्रेमाचा, गावात लोक काय बोलतील हे सगळं मी बोलून घेतलं. ह्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आपल्याला कुणी कधी काही विचारलंय का आजवर? तिला विचारलंय. जाऊ दे."

शूटिंग डिंगोऱ्याच्या पुढे, घाटाच्या बाजूला झालं. दिवाळीच्या सुट्टीत. कारखान्याचा सीझन सुरू व्हायचा होता, म्हणून ह्यांनी रजा काढली आणि माझ्या भावाकडे मुक्काम ठोकला. रोज पोरीला गाडीवर बसवून न्यायचे आणि दिवसभर तिथेच. सिनेमावाल्यांच्या स्वयंपाकाला टोमॅटोचं कॅरेट दे, कुणाच्या गाडीचं पंक्चर काढून आण, जनरेटर बंद पडला की त्यात डोकं घाल. चारच दिवसांत त्या लोकांना हे आपल्यातलेच वाटायला लागले. एसटी स्टँडच्या एका प्रसंगात मागे उभी राहायला माणसं कमी पडली, तेव्हा ह्यांनाही उभं केलं. टपरीवर पाण्याची बाटली घ्यायची, एवढंच काम. "पाठमोरा आहे," मला फोनवर म्हणाले, "पण शर्ट ओळखू येतो." पुढे वर्षभर ते वाक्य मी ऐकत होते.

सिनेमा लागला तेव्हा शाळेत स्नेहसंमेलन होतं आणि सगळं माझ्या अंगावर होतं. पुण्याच्या पहिल्या शोला हे आणि मुलगी दोघंच गेले. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात नारायणगावला जाऊन निवांत बघू. पण नारायणगावात त्याला सकाळचा एकच शो मिळाला होता. बाकी सगळे शो एका मोठ्या हिंदी सिनेमाला. सकाळी नऊला कोण येणार? कुणाच्या धारा, कुणाचा मार्केटचा माल, पोरांची कॉलेजं. शुक्रवारी पोस्टर बदललं. आणि त्याच्या आधीच कुणीतरी चोरून केलेली कॉपी मोबाईलवर फिरायला लागली होती. माझ्या वर्गातल्या पोरींनी ती पाहिली, राजुरीत ह्यांच्या सगळ्या भाऊबंदांनी पाहिली. भेटेल तो म्हणायचा, "लई भारी काम केलंय राव पोरीनं, रडवलं." हे हसून मान हलवायचे. घरी आले की बूट काढता काढता म्हणायचे, "फुकटात रडले."

ह्यांना ते लागलं होतं. घरात बोलत नसत, पण जेवण कमी झालं होतं.

मग दिग्दर्शकाचा फोन आला. परदेशात बरं चाललंय. तिकडच्या मराठी मंडळांनी आधी एकेक शो ठेवला, तो भरला म्हणून पुढच्या शनिवार-रविवारी आणखी ठेवले, मग तिथल्या थिएटरवाल्यांनी स्वतःहून पडदे दिले. दुबई, लंडन, अमेरिकेतली काही गावं, मग ऑस्ट्रेलिया. दिग्दर्शकाने ह्यांना त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतलं. तिथे रोज कुठल्या देशात किती धंदा झाला ते येई. हे ते जेवताना वाचून दाखवायचे. ओव्हरसीज, वीकेंड, ऑक्युपन्सी असले शब्द ह्यांच्या तोंडी बसले. मी वाढत असायचे, निम्मं ऐकायचे. "तिकडं आता सकाळ असेल," असं म्हणून मध्येच घड्याळाकडे बघायचे. कारखान्याच्या गेटबाहेर चहाच्या टपरीवर एकाने ह्यांना विचारलं म्हणे, "तिकडं कोण बघतंय राव आपल्या एसटीतलं प्रेम?" हे म्हणाले, "तिकडंच बघत्यात. इकडं एसटी रोजचीच हाय."

त्याच भरात आम्हा तिघांचे पासपोर्ट काढले. दिग्दर्शक सहज म्हणून गेला होता की एखाद्या शोला मुलीला तिकडे न्यावं लागेल. ह्यांनी लगेच कागद गोळा केले. मी म्हटलं, माझा कशाला? म्हणाले, "असू दे. कुठं खायला मागतोय?"

त्या दिवशी मी शाळेत होते. हे पहिल्या पाळीहून आले, जेवले, छातीत जळजळतंय म्हणून सोडा घेतला आणि आडवे झाले. मुलगी घरी होती. तिचा फोन आला तेव्हा मी सातवीच्या वर्गात होते. ती एवढंच म्हणाली, "मम्मी, पप्पा उठत नाहीत." शेजारच्यांनी गाडी काढली, मंचरला नेलं. डॉक्टरांनी मला आत बोलावून सांगितलं. मी "बरं" म्हणाले. नंतर मला वाटलं, मी "बरं" का म्हणाले असेन?

राजुरीला नेलं. बायका गळ्यात पडून रडल्या, मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत होते. जावेने मला पाणी पाजलं, गळ्यातलं काढलं, हातातल्या बांगड्या काढल्या. मला सगळं दिसत होतं. कोण आलंय, कोण नाही, कुणी चपला उलट्या काढल्यात. रडू मात्र आलं नाही. जाऊ म्हणाली, "वयनी, रडा. आत धरून ठिवू नका." मी म्हटलं, "येईल." ते दात काढल्यावर बधिर झालेल्या गालासारखं होतं. आपलाच गाल, पण चिमटा काढला तरी कळत नाही.

ह्यांचा फोन माझ्या पिशवीत होता. तो बंद करायचं कुणाला सुचलं नाही. त्याच्यावर भावपूर्ण श्रद्धांजलीचे मेसेज येत होते आणि मधूनमधून त्या ग्रुपवर, न्यूझीलंडमध्ये शो वाढवले. कॅनडात दुसरा आठवडा. कुणीतरी त्याच्याखाली टाळ्या टाकल्या होत्या. मग बहुतेक कुणाच्या तरी लक्षात आलं आणि त्या ग्रुपवरच हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा कॅनडा.

दिग्दर्शक राजुरीला येऊन गेला. शहाणा, मऊ बोलणारा मुलगा. माझ्यापुढे खाली मांडी घालून बसला. जाताना ओट्यावर माझ्या दिरांना बाजूला घेऊन त्याने सांगितलं, की दुबईत मोठा शो ठरलाय, मुलगी आणि सिनेमातला तो मुलगा दोघंही येणार म्हणून लोकांनी तिकिटं काढलीत, आता हे असं झालंय, तुम्ही म्हणाल तसं करू. दीर शेती बघतात, डेअरीवर दूध घालतात. मनाने चांगले, पण भावाच्या जाण्याने पेटलेले होते. त्यांचा आवाज आत आला. "बापाचा दहावा न्हाई झाला आन पोरीनं इमानात बसायचं? नाचायला? लोकं तोंडात शेण घालतील आमच्या."

"नाचायला नाही हो भाऊ. नुसतं यायचं, दोन शब्द बोलायचे."

"न्हाई म्हंजी न्हाई."

मुलगी माझ्या शेजारी बसली होती. मी तिला विचारलं, "तुला जायचंय का?" ती म्हणाली, "माहीत नाही." मलाही माहीत नव्हतं. आम्ही दोघी भिंतीला टेकून बसून राहिलो.

दहाव्याला नदीवर गेलो. पिंड ठेवला, लोक मागे सरून बसले. समोरच्या बाभळीवर कावळे होते, पण एकही खाली येईना. ऊन चढलं. दिरांनी हात जोडून सांगितलं, दादा, वयनीला काय कमी पडू देणार न्हाई. कावळे जागचे हलले नाहीत. पोरीचं शिक्षण पुरं करू. नाही. बांधाचा वाद मिटवू. नाही. लोकांत कुजबुज सुरू झाली. कुणी गाईला घालायचं म्हणालं. तेव्हा ह्यांचे एक म्हातारे चुलते होते, ते मागून म्हणाले, "आरं त्या पिच्चरचं बोल की. जीव त्याच्यात व्हता त्याचा."

दिरांची मान ताठ झालेली मला दिसत होती. मग त्यांनी पुन्हा हात जोडले आणि भांडल्यासारखे, मोठ्याने म्हणाले, "बरं, धाडतो पोरीला दुबयला. झालं का समाधान?"

कावळा आला आणि शिवला. बायकांमध्ये हुंदका फुटला. दीर तिथेच वाळूत बसले आणि लहान मुलासारखे रडले. मी पाहत होते. मला वाटलं, लोक थोडे मागे सरले म्हणून आला असेल. वाटलं आणि गेलं. त्यावर विश्वास ठेवायलाही ताकद लागते, न ठेवायलाही.

त्यानंतर मुलीच्या जाण्याला कुणी आडवं आलं नाही. पण तिला अठरा पूर्ण नव्हती, सोबत घरचं माणूस हवं होतं. मी म्हटलं, मी जाते. त्यावर मात्र घर उठलं. जाऊ म्हणाली, "वयनी, सव्वा महिना तरी उंबरा वलांडू नये. पोरीसंगं माझा भाऊ जाईल." तिच्या भावाकडे पासपोर्ट नव्हता. माझ्याकडे होता. त्यावर बोलणंच संपलं.

विमानात मी पहिल्यांदा बसले. त्याबद्दल सांगण्यासारखं मला काही आठवत नाही. कानात दडे बसले होते एवढंच.

शो सकाळचा होता, एका मोठ्या मॉलमध्ये. सरकत्या जिन्याने वर गेलो तर दारात रांगोळी, तोरण, नऊवारी नेसलेल्या बायका. त्यांच्या मंडळाने फार प्रेमाने केलं होतं सगळं. मुलीला आणि त्या मुलाला ओवाळलं. मग एक तरुण बाई ताट घेऊन माझ्याकडे वळली. "हिरोइनची आई ना? थांबा हं काकू." दिग्दर्शक लांब होता, त्याने हात वर केला, पण तोवर तिने हळद लावली होती आणि करंगळीशेजारच्या बोटावर कुंकू घेतलं होतं. मी मागे सरले नाही. तिने लावलं. मग वेणीचा तुकडा माझ्या केसांत माळला, अत्तर लावलं आणि वाकून नमस्कार केला. मुलगी माझ्याकडे बघत होती. मी तिला डोळ्यांनीच सांगितलं, चल आत.

थिएटर भरलं होतं. सगळी घरदार घेऊन आलेली माणसं. लहान पोरं इंग्रजीत भांडत होती. दिवे गेले आणि मी आमचा सिनेमा पहिल्यांदा पाहिला.

दहावीच्या वर्गातल्या दोघांची गोष्ट. डोंगरातल्या वाडीवरून दोघं एकाच एसटीने शाळेत येतात. प्रेम म्हणजे काय, तर ती त्याच्यासाठी जागा धरते आणि तो तिची वही पूर्ण करून देतो. शेवटी त्याचे आईबाप कामासाठी घाट उतरून जातात, त्यालाही जावं लागतं. ती एसटीच्या मागच्या काचेतून बघत राहते. मध्यंतराआधीच आजूबाजूला नाकं ओढल्याचे आवाज यायला लागले. माझ्या पुढचा एक टाय लावलेला माणूस चष्मा काढून पुसत होता. पडद्यावर माझीच मुलगी होती, माझ्या माहेरची वाट होती, माझ्या भावाचा बैल होता. मी मात्र एकाच गोष्टीची वाट बघत होते. एसटी स्टँड.

तो प्रसंग आला. गर्दी, कंडक्टर, टपरी. मी खुर्चीत पुढे सरकले. टपरीची एक बाजू दिसली, मुलगी धावत आली, एसटी सुटली आणि संपलं. टपरीपुढे कुणी नव्हतं.

मध्यंतरात मी दिग्दर्शकाला विचारलं. त्याचा चेहरा पडला. "ताई, परदेशातली प्रत आम्ही जरा छोटी केली. इथे शो बसवायला वेळेचं गणित असतं. तो शॉट... माझ्या लक्षातच आलं नाही. मी आत्ता..." "असू दे," मी म्हणाले. खरंच मला त्याचा राग आला नव्हता. हे रोज जेवताना ज्या ज्या देशांची नावं वाचत होते, त्यांतल्या एकाही देशात हे दिसले नव्हते. ह्यांना ते ठाऊक नव्हतं. आता कळायचा प्रश्न नव्हता.

सिनेमा संपल्यावर बाहेर फोटोंसाठी गर्दी झाली. मी एका खांबापाशी उभी होते. एक माणूस संकोचत माझ्यापुढे आला, हॉटेलात स्वयंपाक करणारा असावा, तेलाचा वास येत होता.

"ताई, मी ओतूरचा. ती चढण दावली ना पिच्चरमंदी, डिंगोऱ्याच्या पुढची? तिथं माझी यमेटी गाडी बंद पडायची. दर खेपंला. ढकलत न्यायचो." एवढं बोलून तो रडायला लागला. शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. "माफ करा हां. लई वर्सं झाली इकडं."

"असू दे."

"आन पावणं न्हाई आले? पेपरात वाचलं व्हतं, कारखान्यात असत्यात म्हणून."

त्याची नजर माझ्या कपाळावर होती. "नाही आले," मी म्हणाले.

"सीझन चालू आसंल."

"हो. सीझन चालू आहे."

"सुट्टी न्हाई देत सीझनला, मला म्हाईत हाय. माझा भाऊ व्हता कारखान्यात." मग जरा सावरून म्हणाला, "बिबट्यांचा तरास वाढलाय म्हणं आपल्याकडं?"

"वाढलाय."

"संभाळून ऱ्हावा," म्हणाला आणि मुलीबरोबर एक फोटो काढून गेला. त्याच्याशी बोलले ते खोटं होतं असं मला वाटत नाही. कारखाना चालूच होता. हे आले नव्हतेच.

संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत मी तोंड धुवायला उठले तर मुलगी म्हणाली, "राहू दे ना मम्मी." कुंकू. मी पुन्हा बसले. मंडळाच्या बायकांनी जेवण बांधून दिलं होतं, पोळ्या, बटाट्याची भाजी, गोड शिरा. आम्ही पलंगावर वर्तमानपत्र पसरून खायला बसलो. तिने घास मोडला आणि तसाच हातात धरला.

"मम्मी, मी वाचत होते."

"काय?"

"त्या दिवशी. पप्पा म्हणाले, चष्मा बाहेर राहिलाय, ग्रुपवर काय आलंय वाच बरं. ऑस्ट्रेलियाचं आलं होतं. मी वाचलं. ते म्हणाले, अजून वाच. खाली लोकांनी लिहिलेलं होतं, खूप होतं. मी सगळं वाचत गेले. मला वाटलं झोप लागली. तरी वाचत होते."

ती थांबली. बोलायला हवं होतं, आईने बोलायचं असतं असं काहीतरी, ते मला कळत होतं. मी शिरा तिच्याकडे सरकवला.

"किती वेळ वाचत होते काय माहीत," ती म्हणाली.

"काय काय होतं त्यात?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग सांगायला लागली. तिला सगळं पाठ होतं. एका बाईने लिहिलं होतं की तिच्या मुलीला मराठी येत नाही, पण थिएटरमधून आल्यापासून ती घरभर 'थांब की जरा, थांब की जरा' म्हणत फिरतेय आणि तिला त्याचा अर्थ हवाय. एका आजोबांनी लिहिलं होतं की एसटीच्या खिडकीची काच खडखडते तो आवाज अगदी खरा आहे. एकाने लिहिलं होतं, ही मुलगी कोण, हिला सांगा नाक पुसत जा. तिथे आम्ही दोघी हसलो. हसता हसता ती रडायला लागली, खूप रडली, मी तिला धरून बसले. माझा खांदा ओला झाला. मी कोरडीच होते. पण त्या दिवसापर्यंत ती माझ्यासमोर रडली नव्हती, एवढं तरी झालं.

परत आल्यावर दीर पारगावला आले. बाहेरच्या खोलीत बसले, चहा घेतला. काय कसं झालं विचारलं. मी सांगितलं, शो चांगला झाला, पण हे तिकडच्या सिनेमात नाहीत, तेवढं काढलंय.

"आपल्याकडल्यात हायेत की," दीर म्हणाले. "माझ्या मोबाईलमंदी हाय पिच्चर. दादा सोता म्हणायचा डिलीट कर, चोरीचा हाय. म्या न्हाई केला." त्यांनी फोन काढला. "लावू?"

"नको."

"एवढंसंच हाय वयनी. बाटली घेतो आन..."

"नको भाऊजी. नंतर."

त्यांनी फोन खिशात घातला. अजून मी तो प्रसंग पाहिलेला नाही. लोकांना ते विचित्र वाटतं. मलाही त्याचं कारण सांगता येत नाही.

पुढे त्या सिनेमाचं बरं झालं. आपल्याकडे पडलेला म्हणूनच तो ओळखला जातो, पण निर्मात्याचं नुकसान परदेशाने भरून काढलं असं दिग्दर्शक म्हणाला. पूर्वेकडच्या कुठल्याशा देशात त्यांच्या भाषेतल्या ओळी खाली टाकून तो लावला. तिथल्या पोस्टरचा फोटो मुलीने मला दाखवला. तिचा चेहरा आणि वर न वाचता येणारी अक्षरं. तिथल्या शाळकरी मुली बसच्या मागच्या काचेला नाक लावून स्वतःचे व्हिडिओ करतात म्हणे. शाळेत मॅडम लोकांनी पेढे मागितले, मी आणले. पेढे वाटताना शिपायाने विचारलं, "मॅडम, बरं वाटतंय ना आता?" मी म्हणाले, हो. तो कशाबद्दल विचारत होता ते मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही.

मुलीला दुसऱ्या सिनेमाचं विचारणं आलं. तिने बारावी होऊ द्या म्हणून सांगितलं, बारावी झाल्यावर पुण्याला कॉलेजात गेली आणि तिथून एका सुट्टीत तो केला. त्यात ती बोलते कमी. इकडे बरा चालला, तिकडे कुणी विचारलं नाही. तिला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

वर्षश्राद्धाला ती पुण्याहून राजुरीला आली. केस कापलेले. दिरांनी ते बघून तोंड वाकडं केलं आणि जेवणं झाल्यावर डेअरीवरच्या चार मित्रांना बोलावून तिच्याबरोबर फोटो काढायला लावले. जाऊ मला म्हणाली, "वयनी, वाळलात तुमी." तिने डब्यात पुरण बांधून दिलं.

परतताना गाडी मुलीने चालवली, मी मागे बसले. उसाचा सीझन पुन्हा भरात होता. नारायणगावच्या अलीकडे आमच्यापुढे दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर आला. ऊस दोन्ही बाजूंनी इतका बाहेर आलेला, की ओलांडायला जागा नव्हती. स्पीकरवर कुठलंतरी हिंदी गाणं लावलेलं. वर उसावर दोन बायका बसल्या होत्या, तोडीच्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या. त्यातली एक आमच्याकडे वाकून बघत होती. मग तिने दुसरीला कोपराने ढोसलं आणि दोघी मुलीकडे बोट दाखवून काहीतरी बोलायला लागल्या. मुलीने हात हलवला. त्यांनीही हलवला.

"ओलांडू का?" मुलीने विचारलं.

"नको. जाऊ दे हळूहळू."

ट्रॉलीतून पाचट उडून आमच्या अंगावर येत होतं. मी तिच्या पाठीवरचं झटकलं. पुन्हा आलं, पुन्हा झटकलं. नुकतंच जेवून निघालो होतो, तरी मला भूक लागली होती. पोटात खड्डा पडल्यासारखी, खरी भूक. अशी शेवटची कधी लागली होती ते मला आठवत नव्हतं.

"नारायणगावला थांब," मी म्हणाले. "भजी खाऊ."

"आत्ता? मम्मी, पुरणपोळी खाल्लीये आपण."

"थांब तरी."

ती हसली आणि ट्रॅक्टरच्या मागे मागे गाडी हाकत राहिली.